दहावं रीळ

“मी पापड विकायला आलेली नाही,” दारातली बाई म्हणाली.

तिच्या हातातली कापडी पिशवी बघून मी “नको आम्हाला” म्हणून दार लोटत होतो. ते अर्ध्यावर थांबलं. १९८९ सालातली ती शुक्रवारची संध्याकाळ. बाई पन्नाशीकडे झुकलेली, सुती साडी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. अंगावर शाळामास्तरणीचा छाप असा होता, की न सांगताही कळावं.

“मी वत्सला कागवाडे. गडहिंग्लजहून आले. हायस्कुलात मराठी शिकवते.” मग पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाली, “तुम्ही एकदा माझ्याविषयी लिहिलं होतं. ‘उसना कुकर’ सिनेमात मी होते.”

मला एकदम हसू फुटलं. ते मी लपवलंही नाही. तेव्हा मी काही लपवत नसे.

मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात दर रविवारी चित्रपटांची परीक्षणं लिहायचो, आणि शहरातल्या फिल्म सोसायटीचा अध्यक्ष होतो. लोक माझं परीक्षण आवर्जून वाचायचे. सिनेमा कसा आहे हे जाणून घेण्यासाठी नव्हे. या आठवड्यात सबनिसांनी कुणाची सालटी काढली, ते बघायला. आणि मी काढत असे. मराठी सिनेमा म्हणजे रिकामटेकड्यांनी बिनडोकांसाठी केलेला उद्योग, असं माझं ठाम मत होतं आणि ते मला फार शोभून दिसतं अशी माझी समजूत होती.

‘उसना कुकर’ पंधरा वर्षांपूर्वीचा. एका गूळव्यापाऱ्याला सिनेमा काढायची हौस आली आणि त्यानं श्रीपाल कागवाडे नावाच्या नवख्या तरुणाच्या हाती सूत्रं दिली. नायिका कोण, तर श्रीपालची सख्खी बहीण. गोष्ट एवढीच: पोस्टातला एकटा राहणारा कारकून शेजारच्या शिक्षिकेकडून कुकर उसना आणतो, त्याच्या हातून कुकरची रबरी रिंग खराब होते, आणि ती रोज येऊन विचारते, “झाला का कुकर?” हा म्हणतो, “उद्या.” तेरा रिळं हेच. कोल्हापुरात लागायच्या आधी, सगळ्यांच्या आधी, आपलंच परीक्षण छापून यावं म्हणून मी मुद्दाम वडगावच्या टॉकीजला जाऊन तो पाहिला होता. कुकर दुरुस्त होऊन फळीवर लखलखत असतो, तरी ही बया आपली रोज विचारतेच. मग अचानक रिंग तुटलेली सापडते आणि नायक म्हणतो, उंदरानं कुरतडली! मी लिहिलं होतं: ‘या चित्रपटात एक उंदीर आहे. तो शेवटपर्यंत दिसत नाही. पटकथाही त्यानेच कुरतडली असावी. नायिकेपेक्षा कुकरला अक्कल अधिक. तो निदान वेळेवर शिट्टी तरी देतो.’

ते वाक्य गावभर झालं. लग्नाच्या पंगतीत लोक मला ते म्हणून दाखवायचे. सिनेमा कोल्हापुरात तीन दिवसांत उतरला. माझ्या परीक्षणांचं पुस्तक निघालं तेव्हा मलपृष्ठावर हेच वाक्य होतं, आणि आता दुसरी आवृत्ती येत होती.

“बरं, मग?” मी विचारलं. आत या म्हणालो नाही.

“प्रिंट एकच उरली आहे. शेटजी गेले. त्यांची मुलं गोदाम रिकामं करताहेत. सोमवारी हुपरीकडचा माणूस येणार आहे.”

हुपरी म्हणजे चांदीचं गाव. जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्ममधून थोडीफार चांदी निघते. तेव्हा असे सिनेमे किलोवर जायचे आणि कुणाच्या तरी पायातले पैंजण व्हायचे.

“तुमच्या सोसायटीच्या कपाटात जुन्या प्रिंटा ठेवतात, असं ऐकलं. तुम्ही ठेवून घेत असाल तर शेटजींची मुलं फुकट देतील. श्रीपाल तर राहिला नाही. त्यानं दुसरा सिनेमा केला नाही. म्हणजे कुणी दिलाच नाही. त्याचं म्हणून एवढंच आहे.” हे ती रडून सांगत असती, तर मला सोपं गेलं असतं. ती वर्गात धडा समजावून सांगावा तसं सांगत होती.

“आमच्या कपाटात कचरा ठेवत नाहीत, बाई.”

“एकदा बघून ठरवा.”

मला एक दुष्ट कल्पना सुचली. रविवारी दुपारी आमच्या निवड समितीचा खेळ असायचा. टॉकीज बारा ते पावणेतीन आमच्या ताब्यात असे. त्या रविवारचा परदेशी सिनेमा आलाच नव्हता. म्हटलं, तेवढीच करमणूक. “ठीक आहे. परवा बाराला. डबे पाठवून द्या.”

तिनं हात जोडले. मी दार लावलं आणि लगेच प्राध्यापक हेर्लेकरांना फोन लावला. “या रविवारी उंदीर बघायला या,” म्हणालो. ते पलीकडून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

रविवारी सकाळी आठ वाजता मी टॉकीजवर गेलो. एवढ्या सकाळी जाण्याचं कारण सांगायला आज लाज वाटते. ऑपरेटर दस्तगीर जुनी प्रिंट आधी एकदा चालवून, सांधे तपासून घ्यायचा. मी म्हटलं, आपणही बघावं, आणि दुपारी समितीपुढे मारायला नवे टोमणे तयार ठेवावेत. उत्स्फूर्त विनोदासाठी मी नेहमीच अशी मेहनत घ्यायचो.

रिकाम्या थिएटरात मी मधल्या रांगेत बसलो. नऊ रिळं गेली. मी वहीत सतरा टोमणे टिपले. चौथ्या रिळात पन्हाळ्यावर सहा मिनिटांचं एक गाणं होतं, त्यावरच पाच. मग दस्तगीरनं वरच्या झरोक्यातून डोकं बाहेर काढलं.

“साहेब, आता दहावं. वही ठेवा खाली.”

मी दुर्लक्ष केलं. रीळ सुरू झालं.

कारकून घरी नाही. ती शिक्षिका घरमालकिणीकडून किल्ली मागून त्याच्या खोलीत शिरते. आपला कुकर सरळ उचलून न्यायला. फळीवर कुकर. उघडून बघते, तर नवी कोरी रिंग. केव्हाच दुरुस्त झालेला. शेजारी चिंचेचा गोळा आणि राख. म्हणजे हा गडी रोज तो घासून लख्ख करतोय आणि रोज तिला ‘उद्या’ म्हणतोय. का म्हणतोय, ते तिला तिथंच कळतं. खात्री करायला म्हणून ती त्याच्याच डब्यातले तांदूळ काढते, चांगले चार माणसांचे, आणि कुकर चढवते. एक शिट्टी. दुसरी शिट्टी. ती स्टुलावर बसून शिट्टी ऐकते, आणि तिचा चेहरा असा उजळत जातो की मी वहीवरचं पेन उचललं ते खाली टेकवलंच नाही.

मग ती त्याच्या टेबलावरची कात्री घेते आणि रिंग कचकन कापून टाकते. स्वतः! उद्याही यायला मिळावं म्हणून.

पण भाताचं काय? तो सापडला तर चोरी उघडी पडणार. टाकावा तर खिडकीखाली घरमालकीण धान्य निवडत बसलेली. म्हणून ती तो भात खायला लागते. नुसता भात आणि बरणीतलं लिंबाचं लोणचं. पहिलं ताट आवडीनं. दुसरं नेटानं. तिसऱ्या ताटाला ती पदर खोचते. चौथ्याला उभी राहून खाते, येरझाऱ्या घालते, देवाच्या तसबिरीकडे बघून हात जोडते आणि पुन्हा बसते. एवढ्यात जिन्यावर त्याच्या चपला वाजतात. शेवटचा घास भलामोठा. तो दारात उभा. “अरे, तुम्ही? जेवलात का?” आणि तिच्या तोंडात एवढा भात की हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. ती फक्त मान हलवते. आधी उभी, मग आडवी, मग गोल.

मी हसलो. साधं नाही, पोट धरून, खुर्चीच्या दांड्यावर हात आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रिकाम्या थिएटरात माझं हसणं माझ्याच कानांवर परत आलं. इतकं निखळ मी किती वर्षांत हसलो नव्हतो, मला सांगता येणार नाही. दुसऱ्याची खोडी न काढताही हसता येतं, हे मी विसरलो होतो. आणि त्या बाईचा अभिनय! दोन घासांच्या मध्ये ती जे थांबणं थांबली होती, ते शिकवून येत नाही.

रीळ संपलं. दिवा लागला. झरोक्यातून दस्तगीर म्हणाला, “काय साहेब? उंदीर गावला का?”

मी जिना चढून वर गेलो. “दस्तगीर, हे रीळ वडगावला नव्हतं.”

“कसं असंल? तवा वडगावात मीच हुतो ऑपरेटर. तुम्ही आल्ता बाजारादिवशी. बाजारादिवशी आम्ही एक रीळ गाळायचो. खेड्यातल्या लोकांस्नी शेवटची गाडी गावाय पायजे. समदीकडंच करायची तसं.”

“दहावंच का पण?”

“त्यात गाणं न्हाई, मारामारी न्हाई. एक बाई भात खाती. गाळलं तर कुणाला काय कळणार?” त्यानं रीळ गुंडाळायला घेतलं. “पेपरात लिवणाऱ्याला कळंल, असं वाटलं हुतं.”

“मग तेव्हाच सांगायचं होतंस!”

“मालकानं मला काडला असता. आनि सांगिटलं असतं, तर तुम्ही छापलं असतं व्हय?”

मला त्याचा राग आला. एका ऑपरेटरनं मला प्रश्न विचारावा, हाच मोठा अपराध वाटला.

दुपारी समितीचे दोघे उगवले साडेबाराला. हेर्लेकर आणि वकील शिरगावकर. कलेवर निर्व्याज प्रेम करणारी ही माणसं मिसळीच्या दुकानात रांग होती म्हणून अर्धा तास उशिरा आली होती आणि शिरगावकरांच्या मिशीला अजून मिसळीचा तांबडा कट लागलेला होता. कागवाडेबाई शेवटच्या रांगेत कडेला बसली होती. ती कधी आली होती, मी विचारलं नव्हतं.

दस्तगीर खाली आला. “साहेब, तीनचा खेळ हाय. पावणेतीनला थेटर मोकळं करा म्हणतोय मॅनेजर. एक रीळ गाळाय लागंल.” तो माझ्याकडे सरळ बघत होता. “कुठलं गाळू?”

पन्हाळ्यावरचं गाणं गाळलं असतं, तर कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं. मला ते माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. पण शेजारी हेर्लेकर उभे होते. त्यांनी दहावं रीळ पाहिलं, तर संध्याकाळपर्यंत साऱ्या कोल्हापुरात डांगोरा पिटला असता की सबनिसांनी पंधरा वर्षं ज्या वाक्यावर मिरवलं, ते अर्धवट सिनेमा बघून लिहिलं होतं. दुसऱ्या आवृत्तीचं मलपृष्ठ छापून तयार होतं.

“दहावं,” मी म्हणालो.

दस्तगीर वर निघून गेला.

सिनेमा सुरू झाला. माझे सतरा टोमणे मी जागच्या जागी पेरले. अकराव्या रिळात नायकानं तुटकी रिंग हातात धरून “उंदरानं कुरतडली” म्हणताच हेर्लेकरांनी अंधारात माझं वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवलं आणि तिघंही खदखदून हसलो. माझं हसणं सगळ्यांत मोठं होतं. मागे खुर्ची वाजली. मी वळून बघितलं. बाई उठून उभी राहिली होती, वर झरोक्याकडे बघत होती. मग ती पुन्हा खाली बसली.

व्हरांड्यात चहा घेताना मतं झाली. तिन्ही विरोधात. “कपाटात ठेवला तर बाकीच्या प्रिंटा कुरतडेल,” मी म्हणालो, आणि शिरगावकरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

बाई जवळ आली. “साहेब, एक रीळ राहिलं.”

“वेळ नव्हता, बाई. गाळतात ऑपरेटर लोक. सगळीकडे चालतं.”

“तेवढं एकच लावता आलं तर? अकरा मिनिटं.”

हेर्लेकर म्हणाले, “अकरा मिनिटांनी सिनेमा सुधारत नाही हो, बाई. पंधरा वर्षांनी नाही सुधारला!”

मी चहाच्या कपात बघत हसलो. तिनं एकदा आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. कॉपी करणाऱ्या मुलांकडे बघावं तसं. मग तिचा आवाज बदलला.

“असू दे. पण एक विचारायचं होतं. मी आज सकाळीच आले, पहिल्या गाडीनं. दार बंद होतं म्हणून इथं बाकावर बसले होते. आत खेळ चालू होता. भाताच्या प्रसंगाला आत कुणीतरी हसत होतं. किती मोठ्यानं, काय सांगू! मी दाराला कान लावून ऐकलं, आणि तशीच देवळात जाऊन आले.” तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. “श्रीपालनं तो प्रसंग दहा दिवस खपून घेतला होता. मी खरोखरच चार चार ताटं भात खाल्ला होता. तो म्हणायचा, वत्सला, यावर एक माणूस जरी पोट धरून हसला ना, तरी आपण जिंकलो. ते हसू ना त्यानं कधी ऐकलं, ना मी. पंधरा वर्षांनी आज ऐकलं. कोण होतं हो आत?”

हेर्लेकर आणि शिरगावकर माझ्याकडे बघायला लागले. सकाळी मी तिथं होतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

“ऑपरेटर असेल,” मी म्हणालो.

“हो का? त्यांना भेटून येते,” ती म्हणाली, आणि पिशवी सावरत जिना चढून गेली. चेहऱ्यावर असा आनंद की मला दुसरीकडे बघावं लागलं.

दहाएक मिनिटांनी ती खाली आली. पिशवी आता एका बाजूला ओढत होती आणि कापडातून आतला गोल, चपटा डबा स्पष्ट दिसत होता. प्रिंट शेटजींच्या मुलांची होती. एकही डबा बाहेर जाऊ न देणं ही माझी जबाबदारी होती. मी भिंतीवरचं पोस्टर वाचायला लागलो. त्या सबंध दिवसात माझ्या हातून झालेलं बरं काम एवढंच. बाकीची बारा रिळं सोमवारी हुपरीला गेली.

दोघे मित्र रिक्षा बघायला बाहेर पडले. तीनच्या खेळाची गर्दी आत सरकत होती. दस्तगीर जिना उतरून माझ्यासमोर आला आणि कागदात बांधलेला दाण्याचा लाडू माझ्या हातावर ठेवला. गुळाचा, चांगला मुठीएवढा.

“बाईंनी दिला. आत जो हसला त्याच्यासाठी म्हनं.”

“काय सांगितलंस तू तिला?”

“काय सांगणार? तुम्ही माझं नाव घेतल्यासा. ‘व्हय, मीच हसलो’ म्हटलं. म्हातारी रडली वो, साहेब. माझा हात धरून रडली.”

“मग खा की तू.”

“मी न्हाई हसलो आज. मी वडगावातच हसून घेतलंय.” तो दोन पायऱ्या चढून थांबला. “हरामाचं मी खात न्हाई. तुमचं तुम्ही खावा.”

त्याच्या तोंडावर राग नव्हता. पायाखाली काही घाण लागू नये म्हणून माणूस जरा बाजूनं जातो ना, तसं तो माझ्याकडे बघत होता. दुसऱ्यांकडे असं बघण्यात माझी हयात गेली होती, त्यामुळे मला ते ताबडतोब ओळखता आलं.

एवढ्यात दारातून हेर्लेकरांचा आवाज आला. “अहो सबनीस, माझी छत्री राहिली का आत?”

हातात लाडू. खिशात घालावा तर कागद फुटून गूळ हाताला लागलेला. टाकावा कुठं? समोर दस्तगीर उभा. मी अख्खा लाडू तोंडात कोंबला.

हेर्लेकर जवळ आले आणि थबकले. “हे काय? काय खाताय? कुणी दिलं?”

माझे दोन्ही गाल फुगले होते. दाण्याचा कूट टाळ्याला चिकटला होता. मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. मी मान हलवली. आधी उभी, मग आडवी, मग गोल.

जिन्यावर दस्तगीर बघत होता. तो हसला नाही.